पानिपतापर्यंत न्यूट्रलवर

दिल्लीला मी फिरायला गेलो नव्हतो. गाडी आणायला गेलो होतो.

आमच्या मिलिंदची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली, आणि दिल्लीच्या आसपास दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर काढू देत नाहीत. धुरामुळं. धूर आहे हे खरंच आहे, मी स्वतः गिळून आलोय. मिलिंदनं नवी हायब्रिड गाडी घेतली आणि मला फोन केला, "बाबा, जुनीचं काय करू?" मी म्हटलं, "करायचं काय त्यात? मी येतो आणि चालवत गावी आणतो."

मी चौथी शिकलेला माणूस. साकोली-भंडारा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवून संसार केला. लिहिणं हे माझं काम नाही. पण आल्यापासून जो तो विचारतो, पानिपत कसं आहे, बिनआवाजाची गाडी खरंच असते का. प्रत्येकाला सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. रेल्वेचं काही सांगत नाही. रेल्वे सगळ्यांनी पाहिली आहे.

मला ती जुनी गाडी का हवी होती तेही आधीच सांगतो, उगाच कोडं नको. आमची सुमन मागच्या वर्षी गेली. शेवटचे काही महिने आम्ही मिलिंदकडंच होतो, तिला दिल्लीच्या दवाखान्यात न्यायला लागायचं आणि त्या गाडीतून मीच न्यायचो. तिची पाठ धरायची म्हणून डावीकडची सीट मागं कलती केली होती. ती तशीच आहे. गावातलं घर आहे, भांडी आहेत, तिची लुगडी आहेत, पण घरात ती बसायची कुठं? ती कधी बसलीच नाही, सारखी उभी. बसलेली मी तिला पाहिली ती गाडीतच. म्हणून गाडी हवी होती.

गाझियाबाद

मिलिंद राहतो ते गाव नाही आणि शहरही नाही. शेतात उंच इमारती उभ्या केल्या आहेत. खाली उभं राहून वरचा मजला बघायला गेलं तर टोपी पडते. फाटकावर वर्दीवाले पहारेकरी, मागच्या वर्षीचा एकही नाही. आत जायचं तर नाव सांगा, कोणाकडं आलात सांगा, मग तो वर फोन करणार. मी म्हटलं, "मैं उसका बाप हूं." तो म्हणाला, "बाऊजी, बाप की भी एंट्री होती है." बरोबर आहे, त्याचं काम आहे ते.

एका मजल्यावर चार घरं. एक बंगाली, एक केरळचे, एक पंजाबी आणि आमचे. सगळे नोकरीसाठी आलेले, कोणाचंच हे गाव नाही. दारं बंद. आमच्याकडं दार बंद असलं तर शेजारी विचारतात, बरं आहे ना. इथं दार उघडं राहिलं तर विचारतात.

आमची सून प्रज्ञा नागपूरची. मिलिंद आणि ती दोघंही सरकारी हापिसात आहेत, नात पुण्याला शिकते. मी गावाहून लाखोळीची डाळ आणि चिन्नोर तांदूळ नेला होता. प्रज्ञानं पिशवी उघडून तांदळाचा वास घेतला आणि बराच वेळ पिशवीतून तोंड काढलं नाही. मग म्हणाली, "मामाजी, इथं तांदूळ लांब मिळतो, वासाचा मिळत नाही." त्या रात्रीचं जेवण चांगलं झालं. थंडी मात्र विचारू नका. दोन स्वेटर, मफलर आणि वर चादर घेऊन मी जेवलो.

सकाळी तळघरात गेलो. तिथं सगळ्यांच्या गाड्या ओळीनं असतात. आमची जुनी कोपऱ्यात कापडाखाली होती. कापड काढलं, आत बसलो आणि सेल्फ मारला. दोनदा खोकली आणि चालू झाली. बंद जागेत तो आवाज असा घुमला की पहारेकरी पळत आला. "बाऊजी, बंद कर दो, ऊपर से कंप्लेंट आ जाएगी." मी म्हटलं, "गाड़ी है, आवाज तो करेगी." तो म्हणाला, "अब नहीं करतीं."

नवी शेजारीच उभी होती. प्रज्ञा खाली आली आणि म्हणाली बसून बघा. चावी लावायला जागाच नाही. ब्रेक दाबायचा आणि बटण दाबायचं. मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"बॅटरी उतरली आहे हिची," मी म्हटलं.

"चालू झाली होती मामाजी. दुसऱ्यांदा दाबून तुम्ही बंद केलीत."

"चालू झाली तर आवाज कुठंय?"

"आवाज नसतो. आधी बॅटरीवर चालते, लागलं तर पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं."

"मग चालू आहे हे ड्रायव्हरला कळायचं कसं?"

"इथं लिहून येतं ना."

"इंग्रजीत."

"हो, इंग्रजीत," ती म्हणाली आणि हसली. हसली म्हणून मला राग आला, पण तोंडावर काही बोललो नाही. सुनेला बोलायचं म्हणजे आधी पोराशी भांडायची तयारी ठेवावी लागते.

भांडण संध्याकाळी झालंच. जुन्या गाडीला दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी मिळाली होती. ट्रकवर चढवून मथुरेच्या पुढं सोडायची आणि तिथून चालवत न्यायची, असं मीच ठरवून टाकलं होतं. मिलिंद जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुम्ही सत्तरीच्या पुढं गेलात. एकटे एवढ्या लांब जाणार? रस्त्यात काही झालं तर?"

"मी जन्मभर चालवली आहे."

"साकोली ते भंडारा. आणि आता वर्षभर तुम्ही गाडीला हात लावलेला नाही."

"मग तू ये सोबत."

"रजा नाही."

"मग गप बस."

तो गप बसला नाही. प्रज्ञानं मधे पडून तोडगा काढला, की रविवारी नवी गाडी घेऊन मी पानिपतला जावं, ती सोबत बसेल, जाऊन येऊन बघू. तिला तिथलं लढाईचं ठिकाण, काला अंब, पाहायचंच होतं. एवढी वर्षं दिल्लीत राहून जाणं झालं नव्हतं. मिलिंद म्हणाला, "ठीक आहे. हिनं हो म्हटलं तर जुनी गाडी न्या. नाही म्हटलं तर रेल्वेनं जा." म्हणजे आमची सूनबाई आरटीओची साहेब झाली, आणि सत्तरीत मला पुन्हा परीक्षा आली. पास झालो तर गाडी, आणि गाडी म्हणजे सुमनची सीट. नापास झालो तर रिकाम्या हातानं गाव.

रविवार

सकाळी निघालो तेव्हा धुकं एवढं की पुढच्या ट्रकचे दिवे लागून विझल्यासारखे दिसत होते. मला धुक्याची भीती नाही. आमच्याकडं नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला हिवाळ्यात असंच असतं. गाडी हलकी, स्टेअरिंग लोण्यासारखं, क्लच नाही, गिअर नाही. डावा पाय सारखा काहीतरी शोधत होता, मी त्याला मागं ओढून धरला.

आता एक गोष्ट सांगतो, ती ड्रायव्हर लोकांना कळेल. काळी-पिवळीवाला जगतो तो अ‍ॅव्हरेजवर. उतार लागला की गाडी न्यूट्रलवर सोडायची, इंजिनाला आराम, गाडी आपल्या वजनानं जाते. सिग्नलला, फाटकाला, गर्दीत, जिथं थांबायचं तिथं न्यूट्रल. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि मी पुढं कित्येकांना शिकवलं. नव्या गाडीत गिअर नसला तरी N नावाचं घर आहे, ते मी आदल्या दिवशीच हेरून ठेवलं होतं. म्हटलं, सूनबाईला दाखवू अ‍ॅव्हरेज म्हणजे काय असतं.

बाहेरच्या गोल रस्त्यानं निघालो. पूल आला की चढायचं, माथ्यावर N मारायचा आणि खाली सोडून द्यायचं. प्रज्ञा समोरच्या पडद्याकडं बघत होती. तिथं इंजिन, बॅटरी आणि चाकं यांचं चित्र असतं आणि त्यांच्यामध्ये बाण पळतात.

"मामाजी, उतारावर बाण बॅटरीकडं जायला हवेत. ते थांबले."

"थांबू दे."

"म्हणजे भरत नाहीये काही."

"तू रस्ता बघ."

"रस्ता तुम्ही बघायचा, मी तुम्हाला बघायला आले आहे," ती म्हणाली. नागपूरची आहे, तोंडाला कमी नाही.

मुरथलच्या अलीकडं गाड्या थांबल्या. पुढं उसाची ट्रॉली उलटली होती. आम्ही मधल्या पट्टीत, दोन्हीकडं ट्रक. मी N मध्ये टाकून हँडब्रेक लावला, हीटर चालू ठेवला आणि हात बांधून बसलो. बराच वेळ गेला. लोक उतरून ऊस सोलून खात होते. एका सरदारजीनं काचेतून आम्हालाही एक कांडं दिलं.

तेवढ्यात गाडी टुंग टुंग वाजायला लागली. पडद्यावर काहीतरी लिहून आलं. मी घाबरलो, खरं सांगतो. इंजिनाचा आवाज असता तर ऐकून सांगितलं असतं काय दुखतंय. ही तर मुकी. मी बटण दाबलं, तर सगळंच बंद झालं. आणि नेमके त्याच वेळी पुढचे ट्रक हलले. मागच्यांनी हॉर्नवर जे हात ठेवले ते काढलेच नाहीत. कोणीतरी ओरडलं, "चाचा, सो गए क्या?" मी पुन्हा बटण दाबलं, ब्रेक दाबायला विसरलो, पुन्हा दाबलं.

प्रज्ञा शांत होती. "ब्रेकवर पाय ठेवा. आता बटण. हां. आता D." गाडी निघाली. "गाडीनं लिहिलं होतं, बॅटरी कमी झाली आहे, N मधून काढा."

"गाडीच खराब आहे," मी म्हटलं.

पुढं जागा मिळाली तिथं ती म्हणाली, "कडेला घ्या. थोडा वेळ मी चालवते."

म्हणजे नापास. मी उतरलो, गाडीला वळसा घालून डावीकडं बसलो. पट्टा लावताना बक्कल सापडेना, कारण त्या बाजूचं बक्कल मी कधी लावलंच नव्हतं.

डावीकडून

ड्रायव्हरला रस्ता दिसतो. रस्ता म्हणजे पुढच्याचं मागचं लाल दिव्याचं ढुंगण, खड्डे, म्हशी आणि पोलीस. डाव्या सीटवरून काय दिसतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. धुकं उठलं होतं आणि कडेला मोहरी पिवळी झाली होती. लांबपर्यंत पिवळी, मध्येच एखादं हिरवं गव्हाचं शेत. विटांच्या भट्ट्या. लग्नाचे मांडव, एकेक गावाएवढा.

आणि शेताच्या कडेला झोपड्या. झोपड्या म्हणजे माणसं राहायच्या नव्हेत. गोवऱ्या रचून, वरून शेणानं लिंपून, निमुळत्या केलेल्या. त्या लिंपणावर बोटांनी नक्षी, वेली, मोर, फुलं. एकीवर सायकलसुद्धा काढली होती.

मी म्हटलं, "थांब."

प्रज्ञानं गाडी कडेला घेतली. "काय झालं? मळमळतंय?"

दहा वर्षांपूर्वी ती डिझेल गाडी नवी होती तेव्हा सुमनला आणि मला मिलिंदनं कुरुक्षेत्राकडं फिरवायला आणलं होतं, म्हणजे चालवत मीच होतो. गावी गेल्यावर सुमननं सगळ्या बायकांना सांगितलं, तिकडं शेणाच्या झोपड्यांवर मोर काढतात. मी म्हणायचो, असं काही नव्हतं, मी होतो की सोबत. बायका हसायच्या. तरी ती सांगायची, आणि मी तरी म्हणायचो, नव्हतं.

हे सगळं मी प्रज्ञाला सांगितलं. ती खाली उतरली, मीही उतरलो. एक बाई घमेलं घेऊन गोवऱ्या थापत होती. प्रज्ञानं विचारलं, ही नक्षी कशासाठी? ती बाई म्हणाली, "पाणी भीतर ना जावे इस खातर लीपते हैं." मग मोर कशाला? बाईनं आमच्याकडं बघितलं, जसं आम्ही विचारलं असावं भाजीत मीठ कशाला. "सोहणा लागै," ती म्हणाली. छान दिसतं म्हणून.

आमच्याकडच्या बायकाही गोवऱ्या थापतात, पण भिंतीवर पाच बोटं उमटली की संपलं. यात मोर काढावा हे आमच्या ध्यानी आलं नाही. सुमनला आवडलं असणार ते त्यामुळंच.

मुरथलला पराठे खाल्ले. पराठा केवढा म्हणाल तर आमच्या भाकरीएवढा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. ढाबा म्हणतात पण आत झुंबर आहे आणि हात धुवायला गरम पाणी. खाता खाता प्रज्ञा मला समजावत होती. गाडीचं पुस्तक तिनं सगळं वाचलं आहे, मिलिंदनं नाही. म्हणाली, "मामाजी, या गाडीत पाय उचलला ना, की चाकंच बॅटरी भरतात. उतारावर भरते, ब्रेक मारला की भरते. जेवढं थांबायला लागतं तेवढं तिला मिळतं. म्हणून ही दिल्लीच्या गर्दीत जास्त अ‍ॅव्हरेज देते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी."

"हे उलटं आहे."

"उलटंच आहे. आणि न्यूट्रल म्हणजे चाकांचा बाकी गाडीशी संबंध तोडला. मग तिला कुठून मिळणार? नुसतं संपत जाणार."

हे मी पराठ्यासोबत बराच वेळ चावत बसलो. जन्मभर ज्याला बचत समजलो ते इथं नुकसान. शिकवणारा उस्ताद कधीच गेला, नाहीतर त्याला दाखवलं असतं.

काला अंब

आपल्याला वाटतं पानिपत म्हणजे केवढं मोठं काही असेल. एक बाग आहे, लोखंडी कठडा आणि मध्ये दगडी खांब. इथं आंब्याचं झाड होतं म्हणे, रक्त पिऊन काळं पडलेलं. आता झाड नाही. कठड्याला कोणीतरी हार बांधला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आपल्या बाजूची पोरं दिल्लीहून आली होती. मराठी ऐकून त्यांनी जय भीम केला, जय शिवरायही केला, आणि एकानं प्रज्ञाला विचारलं, "ताई, डब्यात काही आहे का?" तिनं डबा उघडला. वडे होते, ते गेले.

मी खांबासमोर उभा राहिलो. एवढी माणसं इथं मेली, त्यात लढणारे होते तसे ओझी वाहणारे, घोडे राखणारे, स्वयंपाक करणारेही असतील. आपल्यासारखे. त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही. जरा वेळ मान खाली घातली आणि बाकावर येऊन बसलो.

बाकावर एक म्हातारा आधीच बसला होता. पांढरा फेटा, पांढरी मिशी, हातात काठी. माझ्याच वयाचा असेल.

"कित तै आए सो?" त्यानं विचारलं.

"महाराष्ट्र से. भंडारा."

"फेर तो म्हारे ए माणस सो," तो म्हणाला. "हाम रोड सां. म्हारे बडेरे भी उसी फौज में थे."

रोड म्हणजे तिकडची एक जात, त्यांचे वाडवडील मराठ्यांच्या फौजेतले, असं त्याचं म्हणणं. मला पटेना. मी म्हटलं, फौज तर सगळी संपली ना? तो हसला. सगळे कुठं मरतात, म्हणाला. जे उरले ते जंगलात लपले, मग गावात आले, मग इथलेच झाले. मी विचारलं, "वापस क्यों नहीं गए?"

"जाके के करते? खेत यहीं मिल ग्या, ब्याह यहीं हो ग्या. बालक यहीं हुए." त्यानं काठीनं पलीकडं दाखवलं. "वो ट्रैक्टर दीखै? मेरे छोरे का सै."

ट्रॅक्टर नवा होता, लाल.

मग त्यानं विचारलं, "घरआळी ना आई?"

"नहीं रही."

"म्हारी भी ना रही," तो म्हणाला, आणि खिशातून गुळाचा खडा काढून अर्धा मला दिला. आम्ही गूळ चोखत बसलो. आले-मिरी घातलेला गूळ होता. उठताना तो एवढंच म्हणाला, "शाम की चा घर पै पी लिया करो, किसी के बीच में बैठ कै. अकेले मत पीना."

आपल्याकडं एखाद्याचं पानिपत झालं म्हणजे सगळं बुडालं असं म्हणतात. मीही म्हणत आलो. ज्या ठिकाणी ते झालं तिथला माणूस मात्र मला पोराचा ट्रॅक्टर दाखवत होता.

परत

येताना प्रज्ञानं मला विचारलं नाही, सरळ चावी हातात दिली. चावी कसली, डबी असते ती. मी D मध्ये टाकली आणि N कडं बघितलंच नाही. पूल उतरताना पाय उचलला. बाण बॅटरीकडं पळायला लागले. ब्रेक हळू दाबला, आणखी पळाले. दिल्लीच्या अलीकडं गर्दी लागली. सगळे हॉर्न मारत होते, आणि मी गाडी थोडी पुढं, थोडी थांब, थोडी पुढं अशी नेत होतो. इंजिन तर झोपलेलंच होतं.

आणि त्या शांततेत सून बोलत होती. काळी-पिवळीत मागं दहा जण कोंबलेले, इंजिन ओरडतंय, कोणी काही बोललं की मी "हां, हां" म्हणायचो, ऐकू काहीच यायचं नाही. सुमनच्या बोलण्यालाही तसंच "हां" जायचं, सवय ती. इथं प्रज्ञा हळू बोलत होती तरी शब्द न् शब्द कळत होता. तिच्या हापिसातली साहेबीण, मेट्रोपर्यंत रिक्षासाठी सकाळी होणारी मारामारी, नात फोनवर काय बोलते. मध्येच म्हणाली, "आई इथं असताना रोज जेवताना तुम्ही भात किती खाल्ला ते मला विचारायच्या. मला वाटायचं त्या तुमच्यावर चिडल्या आहेत." मी म्हटलं, "चिडलेलीच असायची." आम्ही दोघं हसलो.

घर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "मी मिलिंदला हो सांगणार आहे."

"सकाळी तर मला उतरवलंस."

"सकाळी तुम्हाला माहीत नव्हतं. कळल्यावर किती छान चालवलीत. माझ्यापेक्षा चांगली." मग म्हणाली, "पण एक विचारू? गाडी गावी नेऊन करणार काय?"

स्टँडवर खासगी गाडी लावता येत नाही. भंडाऱ्याला माझं काम काय? मी काळी-पिवळीवाला आहे. भरल्याशिवाय गाडी स्टँडवरून हलवायची नाही, रिकामी फेरी मारणाऱ्याला आम्ही हसतो. आणि मी एवढ्या लांब, तीन राज्यांतून, गाडी रिकामी न्यायला निघालो होतो.

जेवायला बसल्यावर मिलिंदनं विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "पास. बिल्कुल पास."

मिलिंद म्हणाला, "ठीक आहे. मग ट्रकवाल्याला फोन करतो."

मी म्हटलं, "करू नको. भंगारात दे."

तो ताटावरून वर बघेना. मग म्हणाला, "तुम्ही न्याल म्हणून मी थांबलो होतो."

"अट तर तूच घातली."

"अट घातली कारण भीती वाटली. पण मला वाटलं, तुम्ही नेली तर ती कुठंतरी राहील. मी रोज खाली जाऊन त्या सीटकडं बघून हापिसला जातो." सरकारी हापिसातला एवढा मोठा माणूस, भाताचा घास हातात धरून बसला. प्रज्ञानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला पोरांना जवळ घेता येत नाही, सुमन घ्यायची. मी त्याच्या ताटात आमटी वाढली.

दोन दिवसांनी भंगारवाल्यांचा ट्रक आला. गाडी तळघरातून वर फाटकापर्यंत कोणीतरी चालवत न्यायची होती. मी बसलो. मिलिंद डावीकडं बसला, सीट सरळ न करता तसाच मागं कलून, छताकडं बघत. फाटकापर्यंत आम्ही दोघं गेलो. पहारेकऱ्यानं आवाजाबद्दल काही म्हटलं नाही.

मी लगेच परत येणार होतो. पण पुढच्या सोमवारी प्रज्ञा म्हणाली, मेट्रोपर्यंत सोडता का. सोडलं. मंगळवारी लिफ्टमध्ये बंगालीण भेटली, तिलाही तिकडंच जायचं होतं. मग केरळची बाई. मग पंजाबीणही. गाडी भरली. मी मागं बघून म्हटलं, "ज़रा खिसको, एक और बैठेगी," आणि आपल्याच आवाजाचं मला नवल वाटलं. कोणी पैसे देत नाही, मी घेतही नाही. बंगालीण माशाचं कालवण पाठवते. चौघी चार भाषांत बोलतात आणि मला सगळं ऐकू येतं. त्यांच्या दारांचंही आता असं आहे की सकाळी निघायच्या वेळेला उघडी असतात.

गावी मी आलो ते घर बघायला. दोन खोल्या शाळेच्या नव्या मास्तरांना भाड्यानं दिल्या, सुमनची लुगडी तिच्या बहिणींना वाटली. स्टँडवर गेलो तर सगळे म्हणाले, काय बापा, दिल्लीहून गाडी आणणार होतास ना, कुठंय?

मी म्हटलं, सवाऱ्या तिकडं थांबल्या आहेत. परवाच्या रेल्वेचं तिकीट काढलंय.